ओमिजा: सरबत, दारू आणि औषध घरी करायचं तर

ओमिजा बियांसकट विस्तवावर ठेवायचा नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कोरियात नव्याने आलेली आपली मंडळी दुकानातून ती सुकी लालकाळी फळं आणतात, चहाच्या सवयीने पातेल्यात खळखळून उकळतात, आणि मग मला फोन येतो, "अगं, कडूजहर लागतंय. खराब निघालं वाटतं." फळ चांगलं असतं. उकळल्यामुळे बीतलं सगळं पाण्यात उतरलेलं असतं, एवढंच.

ओमिजात पाच चवी असतात असं म्हणतात, आणि त्या कुठे कुठे असतात तेही जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय. इ.स. ६५९ मध्ये चीनच्या थांग दरबाराने करवून घेतलेल्या औषधीकोशात नोंद आहे की साल आणि गर गोड-आंबट, बी तिखट-कडू, आणि खारटपणा सगळ्यात मिळून. स्वयंपाकघरात एवढं कळलं तरी पुरे. गोड-आंबट हवं असेल तर साल आणि गर सुटू द्यायचा, बी शाबूत ठेवायची. म्हणून थंड पाणी किंवा साखर, आणि भरपूर वेळ. उकळणं नको, कुटणं नको, मिक्सर तर नकोच नको.

मी मूळची वेंगुर्ल्याची, आता देजॉनला राहते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या हाल्मोनी, म्हणजे आजी, मुन्ग्यॉंगकडच्या. माझे केस पिकायला लागले तरी त्या मला 'सेदेक', नवी सूनबाई, अशीच हाक मारतात. खालचं बरंचसं त्यांच्या हाताखाली शिकलेलं आहे, थोडं माझ्या डोक्यातलं.

वेल आणि गाव

शास्त्रीय नाव शिझँड्रा चायनेन्सिस. ही झाडांवर चढत जाणारी जाड, लाकडी वेल. ईशान्य चीन, कोरिया, जपान आणि रशियाचा अगदी पूर्वेकडचा भाग हे तिचं रान. चीनमध्ये तिला वूवेईत्झ म्हणतात, जपानमध्ये गोमिशी. रशियन लोक लिमोन्निक म्हणतात, कारण पान किंवा साल चुरगाळली की लिंबाचा वास येतो. फुलं मे-जूनमध्ये येतात, मलईच्या रंगाची, सुवासिक. फळाचा घोस लोंबताना पाहिलात तर वाटेल की पुष्कळ फुलांची फळं एका दांड्यावर आली आहेत. तसं नसतं. एकाच फुलात मध्यभागी बरेच स्त्रीकेसर असतात. परागण झालं की फुलाचा मधला दांडा लांबत जातो आणि प्रत्येक स्त्रीकेसराचं एक फळ होतं. हातात धरलेला अख्खा घोस एका फुलाचा असतो. मला हे कळलं तेव्हा मी हाल्मोनींना मोठ्या उत्साहाने सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "मग? देठ काढ पटपट."

कोरियातला जवळजवळ निम्मा ओमिजा ग्यॉंगसांगबुक प्रांतातल्या मुन्ग्यॉंगमधून येतो, आणि त्यातही दोंग्नो हा भाग मुख्य. ह्वांगजांगसान डोंगराच्या पायथ्याशी, उतारावर तारांचे मांडव घालून वेली चढवलेल्या असतात. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, म्हणून रंग चांगला धरतो. मुन्ग्यॉंग एके काळी कोळशाच्या खाणींसाठी ओळखलं जायचं. तिथली उन्सॉंग खाण १९९४ मध्ये बंद झाली, तिथे आता कोळशाचं संग्रहालय आहे. खाणी गेल्यावर या भागाला ओमिजाने हात दिला. जुन्या रेल्वेच्या एका बोगद्यात आता ओमिजाचं सरबत आणि दारू विकतात. आत बाराही महिने गार असतं, तेव्हा ऑगस्टमध्ये तिकडे गेलात तर पाय आपोआप तिकडेच वळतात.

रानातला ओमिजा तोडायची हौस मात्र आवरा. कोरियात डोंगरावरचं फळ, भाजी, मश्रूम मालकाच्या किंवा वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलणं हा गुन्हा आहे, आणि ह्वांगजांगसान तर राष्ट्रीय उद्यानात येतो. शिवाय शरदात रानात लालभडक फळं इतर झाडांनाही येतात, त्यांतली काही विषारी असतात. शेतकऱ्याकडून घ्या.

ताजी पेटी आली की

ताजा ओमिजा ऑगस्टच्या अखेरीपासून साधारण सप्टेंबरभर मिळतो. छुसॉक सणाच्या आसपास बाजार भरलेला असतो. बहुतेक शेतकरी ५ किंवा १० किलोच्या पेट्या कुरिअरने घरपोच पाठवतात. बाजारात घेणार असाल तर घोस उचलून बघा. फळं तुकतुकीत, एकसारखी लाल आणि घट्ट हवीत. पेटीच्या तळाशी रस साचला असेल तर ती पेटी ठेवून द्या. अर्धी गुलाबी, अर्धी हिरवट फळं असतील तर तोड घाईची झालेली आहे. त्यातून आंबटपणा निघतो, पण सुवास निघत नाही.

पेटी आली की त्याच दिवशी कामाला लागायचं. हे फळ वाट बघत नाही. फ्रिजमध्ये ठेवलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी साल सैल पडून रस सुटायला लागतो. म्हणून साखर, बरणी, वजनकाटा हे सगळं आदल्या दिवशीच तयार ठेवा आणि पेटी शक्यतो सुट्टीच्या दिवशी येईल अशी मागवा.

धुवायचं की नाही यावर इथल्या बायकांची दोन तटं आहेत. एक म्हणतं अजिबात नको, चव जाते. मी धुते. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन घोस एकदा बुडवायचे, हलक्या हाताने हलवायचे, लगेच रोळीत काढायचे. पाण्यात भिजत ठेवलं की मात्र रंग पाण्यात जातो आणि मग पहिल्या तटाचं म्हणणं खरं ठरतं. रोळीतून निथळल्यावर सुती कापडावर पसरून पंख्याखाली ठेवा. सालीवर पाण्याचा थेंब राहता कामा नये. बुरशी तिथूनच सुरू होते.

मग निवडणं. जुनं वर्तमानपत्र पसरा, कारण डाग जात नाहीत. सुकलेली, काळपट, फुटून वास मारणारी फळं बाजूला काढा. देठ काढायचा की ठेवायचा, दोन्ही पद्धती चालतात. मी घोसाचा जाड दांडा काढते आणि बारीक देठ राहू देते. हाल्मोनी एकूण एक फळ सुटं करतात, गाणी ऐकत, आणि माझ्या बरणीकडे बघून काही बोलत नाहीत. उजेडासमोर एखादं फळ धरून बघा. साल इतकी पातळ असते की आतली बी दिसते, मूत्रपिंडाच्या आकाराची, एक किंवा दोन.

ओमिजा-चॉंग

साखरेत मुरवलेल्या फळाच्या पाकाला इथे चॉंग म्हणतात. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, अमृतकोकम जसं करतो तसंच. फरक एवढाच की कोकमाची बरणी आपण उन्हात ठेवतो आणि ही सावलीत, थंड जागी ठेवायची.

प्रमाण वजनाने सारखं. १ किलो फळाला १ किलो साखर. ५ किलो फळ आणि ५ किलो साखर मिळून १२ लिटरच्या बरणीत व्यवस्थित मावतं. बरणी काचेची किंवा मातीची लाखलेली घ्या. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांपैकी काहीही नको, फळ भयंकर आंबट आहे. बरणी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. माझा शेवटचा हात म्हणजे कापसाच्या बोळ्यावर थोडी कडक सोजू (इथली पाण्यासारखी दिसणारी दारू) घेऊन आतून पुसून काढणं.

साखरेचे पाच भाग करा. चार भाग थरांत जातील, पाचवा वर झाकणासारखा पसरायचा. तळाला फळांचा थर, वर साखर, पुन्हा फळं. फळं दाबू नका, बरणी आपटून बसवा. बरणीचा वरचा पाचवा हिस्सा रिकामा सोडा, कारण पहिल्या काही दिवसांत फळं फुगून वर येतात आणि फेस धरतो. सगळ्यात वर पाचव्या भागाची साखर अशी पसरा की एकही फळ हवेला उघडं दिसणार नाही. तोंडावर स्वच्छ सुती फडकं बांधा आणि झाकण नुसतं टेकवून ठेवा. आवळून बंद केलंत तर आतल्या वायूला जागा मिळत नाही. आमच्या ओळखीत एका घरी झाकण उडून छताला डाग पडलाय. घरमालकाला काय सांगितलं ते विचारू नका.

पुढचे दहा-बारा दिवस यातले सगळ्यात महत्त्वाचे. साखर रस ओढून घेते, पण स्वतः जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते आणि वर नुसता पातळ, कमी गोड रस राहतो. बिघडतं ते वरच्या रसात. रोज एकदा लांब दांड्याच्या, कोरड्या लाकडी पळीने अगदी तळापासून ढवळा. पळी तळाला लागली की आधी खरखर ऐकू येते, साखरेच्या कणांची. दिवसागणिक ती कमी होत जाते, आणि एक दिवस पळी सरळ फिरते. तिथून पुढे आठवड्यातून एकदा ढवळलं तरी चालतं. सप्टेंबरात चिलटं फार असतात. फडकं दोन पदरी घ्या आणि ढवळून झाल्यावर बरणीचे काठ पुसा.

साखर कमी करू का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. आमच्या सासूबाईंचाही फोनवर तोच आग्रह असतो, "निम्मी घाल गो, कशाला एवढी." नका करू. ही साखर नुसती गोडीसाठी नाही, टिकण्यासाठी आहे. कमी घातली की रस आंबायला लागतो, फसफसतो, आणि सरबताऐवजी अर्धवट दारू, मग व्हिनेगर अशी वाट धरतो. गोड नको असेल तर पिताना पाणी वाढवा. साखर पांढरीच घ्या. ब्राउन शुगरने रंग मळतो.

बरणी साधारण १०० दिवस ठेवायची, म्हणजे सप्टेंबरची डिसेंबरच्या मध्यावर गाळायला येते. स्टीलच्या गाळणीतून आपोआप निथळू द्या. चोथा पिळायचा मोह होतो, हात तिकडे जातोच, पण पिळला की बिया चेपतात आणि पाकाला मागून कडवट चव येते. गाळलेला पाक बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवा. वर्षभर सहज टिकतो. उजेडात किंवा उबेत राहिला तर माणकासारखा रंग विटकरी होत जातो. चव फारशी बिघडत नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवायला ती मजा राहत नाही.

१०० दिवसांनी साखरेची साखर राहत नाही, तिचं औषध होतं, असं इथल्या बाजारात छातीठोकपणे सांगणारे भेटतात. आम्लामुळे साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे होतात, इतकंच. मधुमेह असलेल्याला दोन्ही सारखीच महागात पडतात.

प्यायला एक भाग पाक आणि पाच भाग थंड पाणी. सोडा घातला तर उत्तम. वर चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड हे माझं कोकणी पाप, पण हाल्मोनींनी एकदा चाखून दुसरा पेला मागितला, तेव्हा आता मी ते उघडपणे करते. दुधात घातला तर दूध दाटून दह्यासारखं होतं. इथल्या मुलांना ते आवडतं, आमच्याकडे नाही. मात्र टांगलेल्या दह्याच्या चक्क्यात साखरेऐवजी हा पाक घालून केलेलं श्रीखंड गुढीपाडव्याला आमच्याकडे येणाऱ्यांना हवंच असतं. केशर-वेलदोडा त्यात घालू नका, ओमिजाचा वास मरतो.

सुका ओमिजा: रात्रभर पाण्यात

वर्षभर मिळतो तो सुका. तो घेताना फळं सुरकुतलेली पण मांसल, बोटाला किंचित चिकटणारी हवीत. रंग गडद लाल ते जांभळट. हाताला नुसती बी लागत असेल, साल तपकिरी आणि कोरडी असेल तर तो जुना असतो, किंवा चीनमधल्याच दुसऱ्या जातीचा, शिझँड्रा स्फेनान्थेराचा असतो. तीही औषधात वापरतात, पण सरबताला तिची चव हलकी.

३० ग्रॅम सुका ओमिजा गाळणीत घेऊन नळाखाली झटकन धुवा. १ लिटर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घाला. झाकून रात्रभर ठेवा, दहा-बारा तास. सकाळी पाणी सुरेख गुलाबी झालेलं असतं. पातळ सुती कापडातून गाळा, पुन्हा पिळायचं नाही. मध किंवा साखर नंतर, प्यायच्या वेळी. तीच फळं आणखी एकदा भिजवता येतात, चव अर्थातच फिकी. गरम प्यायचा असेल तर हे गाळलेलं पाणी गरम करा. बी काढून टाकल्यावर विस्तव चालतो.

इथल्या जुन्या स्वयंपाकातले पदार्थ याच पाण्यावर उभे आहेत. ह्वाछे म्हणजे गोड केलेल्या ओमिजाच्या थंड पाण्यात फुलाच्या आकारात कापलेले नाशपातीचे काप आणि वर दोन-चार पाइनच्या बिया. वसंतात जिन्दाल्ले नावाच्या गुलाबी अझेलियाच्या पाकळ्या मुगाच्या स्टार्चमध्ये घोळवून, क्षणभर उकळत्या पाण्यात टाकून, थंड करून याच पाण्यात सोडतात. ते करणार असाल तर फूल ओळखणारं माणूस बरोबर हवं. तिच्यासारखंच दिसणारं चॉल्चुक विषारी आहे.

ओमिजा-प्यॉन हा माझा आवडता. गाळलेल्या पाण्यात साखर आणि मुगाचं स्टार्च, मंद आचेवर हात न थांबवता घोटायचं, चकाकी आली की थाळीत ओतायचं. थंड झाल्यावर वड्या पाडायच्या आणि नाशपातीच्या किंवा चेस्टनटच्या कापावर ठेवून खायच्या. मुगाचं स्टार्च नसेल तर कॉर्नफ्लोरने होतं, पण ती लवचीक, थरथरती वडी होत नाही. स्टार्च पाण्याच्या साधारण एक अष्टमांश घ्या आणि आधी थंड पाण्यात कालवा, नाहीतर गुठळ्या फोडण्यात संध्याकाळ जाते.

दारू

घरी करायची सोपी म्हणजे सोजूत मुरवलेली. दुकानात फळं मुरवण्यासाठीच मोठ्या बाटल्यांत सोजू मिळते, २५, ३० आणि ३५ टक्क्यांची. ताज्या फळाला ३० किंवा ३५ची घ्या, कारण फळातलं पाणी उतरून ती पातळ होते आणि फार पातळ झाली की खराब होऊ शकते. १ किलो ताज्या फळाला अडीच लिटर सोजू. सुकं फळ वापरायचं तर १.८ लिटरला २०० ग्रॅम. साखर घातली नाही तरी चालते. घालायचीच तर ताज्या किलोला १०० ग्रॅमच्या वर नको. इथे बरणी घट्ट बंद करायची, कारण आंबण काही होत नाही. अंधारात तीन महिने ठेवून गाळा. फळं जास्त काळ आत ठेवली तर अल्कोहोल बीतलं कडू ओढून घेतं. गाळलेली दारू आणखी सहा महिने तशीच ठेवलीत तर तिचा धारदारपणा जातो.

चॉंग गाळून उरलेला चोथा टाकू नका. त्याच्या दुप्पट सोजू ओता, दोन महिन्यांनी गाळा. ही गोडसर, हलकी दारू आमच्याकडे मूळ दारूपेक्षा लवकर संपते.

आंबवून वाइन करणं हे दुसरं प्रकरण. ओमिजाच्या कडक आंबटपणात यीस्टचा निभाव लागत नाही, आंबण रडतखडत चालतं. मुन्ग्यॉंगमध्ये ली जोंग-गी यांनी ते साधलं. आयुष्य व्हिस्कीच्या ब्लेंडिंगमध्ये गेलेला हा माणूस ओमिजाकडे वळला आणि त्यांनी शॅम्पेनच्या पद्धतीने, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, 'ओमिरोझे' नावाची फेसाळ वाइन केली. २०१२ मध्ये सोलला अणुसुरक्षा परिषद झाली तेव्हा मेजवानीत ती होती. आपल्यासारख्यांनी ती विकत घ्यावी. किंवा मुन्ग्यॉंगची गुलाबी ओमिजा माक्कॉल्ली (तांदळाची आंबवलेली दारू) घ्यावी, ती खिशाला परवडते. कोरियात स्वतःपुरती दारू घरी करायला १९९५ पासून मुभा आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं-आंबवणं गुन्हा आहे, हे गावी जाऊन प्रयोग करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

रंगावरून एक गोष्ट. कोरियाच्या चोसॉन घराण्यातला राजा यॉंगजो दारूबंदीबद्दल मोठा कडक. पण हा राजा स्वतः पितो अशी कुजबुज होतीच. १७३६ मध्ये दरबारात हा विषय निघाला तेव्हा त्याने सांगितलं की तहान लागली की मी कधीमधी ओमिजाचा चहा पितो, तोच लोकांना सोजू वाटत असावा. सोजू पाण्यासारखी पांढरी आणि ओमिजा लालबुंद. दरबाऱ्यांनी काय मानलं कोण जाणे.

औषध

चीनच्या सर्वांत जुन्या औषधीग्रंथात, शेननोंग या दंतकथेतल्या सम्राटाच्या नावावर असलेल्या, ओमिजा वरच्या वर्गात आहे, म्हणजे दीर्घकाळ घेता येणाऱ्या औषधांत. परंपरेने तो दीर्घ खोकला, दम, फार घाम येणं, सतत तहान यांसाठी देतात. जपानमध्ये नाक वाहतं, शिंका येतात त्यासाठी जे शोसेइर्यूतो नावाचं औषध मिळतं त्यातही हा असतो. सैबेरियाच्या टोकाकडचे नानाई शिकारी लांबच्या वाटेवर ही सुकी फळं जवळ ठेवत. पुढे सोव्हिएत संशोधकांनी थकव्यावर म्हणून तिचा बराच अभ्यास केला.

घरी करण्यासारखं म्हणजे सेंगमेक्सान. राजवैद्य हॉ जुन यांच्या दोंगुईबोगाम या १६१३ मध्ये छापलेल्या ग्रंथात ते आहे, उन्हाळ्यात पाण्याऐवजी प्यावं म्हणून. दोन भाग मेंगमुन्दोंग (गवतासारख्या एका झाडाच्या मुळावरच्या गाठी), एक भाग जिनसेंग, एक भाग ओमिजा. मूळ काढा एकत्र उकळायचा आहे. इथल्या घरांत मात्र पहिली दोन मंद आचेवर तासभर उकळतात, गॅस बंद करून ते कोमट होऊ देतात आणि मग त्यात ओमिजा टाकून रात्रभर ठेवतात. ७-८ ग्रॅम मेंगमुन्दोंग आणि बाकीची दोन्ही ४-४ ग्रॅम, पाणी १ लिटर, ही दोघांची दिवसाची बेगमी. जुलैतल्या दमट उकाड्यात हे पेलाभर पोटात गेलं की माणूस ताळ्यावर येतो, एवढं मी माझ्यापुरतं सांगते.

आता पथ्य, आणि हे नीट वाचा. ओमिजातले लिग्नान नावाचे घटक यकृतातल्या औषधं पचवणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करतात. अवयव बदलल्यानंतर टॅक्रोलिमस घ्यावं लागतं, त्याचं रक्तातलं प्रमाण ओमिजाने वाढतं. ते घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पेलाही घेऊ नये. रक्त पातळ करणारी किंवा रोजची इतर औषधं चालू असतील तरी विचारून घ्या. गरोदरपणात टाळा. आम्लपित्त किंवा अल्सर असेल तर पोटात आग पडेल. याच फळातल्या एका घटकाच्या अभ्यासातून चीनमध्ये बायफेंडेट नावाचं यकृताचं औषध तयार झालं हे खरं, पण त्यावरून चॉंग प्यायल्याने कावीळ बरी होते असा निष्कर्ष काढणाऱ्या नातेवाइकांना आवरा. खोकला रेंगाळला असेल तर हानइवॉनमध्ये, कोरियन वैद्यांकडे, जा आणि चालू औषधांची यादी सोबत न्या.

गावी न्यायचं असेल तर

वेल नेण्याच्या भानगडीत पडू नका. तिला कडाक्याचा हिवाळा लागतो. वेंगुर्ल्यात काय, महाबळेश्वरातही ती फळेल असं मला वाटत नाही. हिमालयात तिची बहीण, शिझँड्रा ग्रँडिफ्लोरा, रानात वाढते, पण तो हिमालय झाला.

सुका ओमिजा हवाबंद पिशवीत न्या आणि पोचल्यावर फ्रिजमध्ये टाका. कोकणच्या पावसाळ्यात बाहेर राहिला तर चार दिवसांत एकमेकांना चिकटून गोळा होतो. चॉंग न्यायचा तर पूर्ण मुरलेला, गाळलेला आणि महिनाभर फ्रिजमध्ये शांत बसलेलाच न्या. प्लास्टिकच्या बाटलीत, वर तीन बोटं जागा सोडून, दोन पिशव्यांत गुंडाळून, चेक-इनच्या सामानात, आणि पांढऱ्या कपड्यांपासून लांब.